लाइट येते, पण घर जागं होत नाही: होम असिस्टंटमधल्या 'अनअव्हेलेबल'चा माग

चिपळूणजवळच्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. विहिरीवरचा पंप, माडीवरची टाकी, अंगणातले दिवे आणि गोठ्याचं दार एवढ्या चार गोष्टी मी होम असिस्टंटवर, म्हणजे घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणल्या आहेत. कारण एकच, बाबांच्या गुडघ्यांना आता रात्रीचं विहिरीपर्यंत जाणं झेपत नाही. हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला, लाइट जाऊ-येऊ लागली आणि दर वेळी तेच होऊ लागलं. लाइट परत आली की निम्मी उपकरणं 'अनअव्हेलेबल', म्हणजे संपर्काबाहेर, दिसायची. कधी पंप आपोआप सुरू व्हायचा. कधी रात्री दोन वाजता घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर 'गोठ्याचं दार उघडलं' असा निरोप यायचा. मी पुण्याहून सगळं रीस्टार्ट करायचो, ते चालू लागायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

या दुखण्याचा पूर्ण माग काढायला मला दोन पावसाळे लागले. कोकणात, घाटमाथ्यावर, कुठेही लाइटचा भरवसा नसलेल्या ठिकाणी कुणी हे करत असेल तर त्याचे दोन पावसाळे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. लाइट आल्यावर काही बिघडलेलं दिसलं तर लगेच रीस्टार्ट करू नका. रीस्टार्ट केलं की पुरावा जातो. आधी दहा मिनिटं थांबा आणि नेमकं काय गेलंय ते कागदावर लिहा. सगळी टास्मोटाची (उपकरणाच्या चिपवर घालायचं एक सॉफ्टवेअर) उपकरणं आणि सगळे झिगबी (वाय-फायहून वेगळ्या, कमी विजेच्या रेडिओवर बोलणारे) सेन्सर एकदम गेले असतील, तर दोष एकेका उपकरणात नाही. ती सगळी ज्या मॉस्किटो ब्रोकरशी, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या प्रोग्रॅमशी, बोलतात तो उठलेला नाही, किंवा त्याचा पत्ता बदललाय. इकडचं एक, तिकडचं एक अशी विखुरलेली उपकरणं गेली असतील तर वाय-फायकडे बघा. फक्त झिगबी गेलं असेल तर डोंगल, म्हणजे यूएसबीत लावलेला झिगबीचा रेडिओ. हा फरक कळला की अर्धं काम झालं. तो कळण्याआधी मी दोन चांगले प्लग बदलले होते.

कोण आधी उठतं?

मग एका रविवारी दुपारी मी घरचा मेन एमसीबी पाडला, दोन मिनिटांनी चढवला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलो. आमच्याकडचे आकडे असे आले. रिले (आज्ञेवर चालू-बंद होणारे खटके) आणि प्लग सहा-सात सेकंदांत उठले. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावरचं (पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणतो) होम असिस्टंट पावणेदोन मिनिटांत. फायबरच्या राउटरने वाय-फाय द्यायला अडीच मिनिटं घेतली आणि इंटरनेट यायला चार. तुमच्याकडचे आकडे वेगळे येतील, पण क्रम बहुधा हाच असेल.

म्हणजे पंपाचा रिले पहिल्यांदा जागा होतो, तेव्हा घरात वाय-फाय नसतं, ब्रोकर नसतो, होम असिस्टंटही नसतं. त्या अडीच-तीन मिनिटांत तो एकटा असतो. एकटा असताना तो काय करतो, हे आपण त्याला सांगून ठेवलंय का? मी सांगितलं नव्हतं.

पंप

आमच्या पंपावर तेव्हा टास्मोटा घातलेला रिले होता. टास्मोटात 'पॉवरऑनस्टेट' नावाची एक आज्ञा असते. तिची मूळ किंमत ३, म्हणजे वीज जाण्याआधी जी स्थिती होती तीच परत आणायची. दिव्यासाठी हे योग्यच आहे. पंपासाठी ते घातक ठरलं.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, म्हणून टाकी रात्री अकराला भरायची असं मी लावलं होतं. ऑटोमेशन साधं होतं: पंप चालू कर, २० मिनिटं थांब, बंद कर. त्या रात्री पंप चालू असतानाच लाइट गेली आणि सव्वादोनला आली. रिलेने आपली जुनी स्थिती आठवली आणि पंप सुरू केला. होम असिस्टंट उठलं, पण 'थांब' ही पायरी चालू असताना ते बंद पडलं तर उठल्यावर ती पायरी पुढे चालत नाही. अर्धवट राहिलेलं ऑटोमेशन तिथेच संपतं. त्यामुळे पंप बंद करायला कुणीच नव्हतं. मे महिन्यातली विहीर ती, पाणी फुटव्हॉल्व्हच्या खाली गेलं आणि पहाटे सहाला आई उठली तेव्हा पंप कोरडा घरघरत होता. सील जळालं. त्याहून वाईट म्हणजे बाबांचा या सगळ्यावरचा विश्वास उडाला, आणि तो परत मिळवायला सीलपेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणून आता आमच्या घरात नियम असा: पंप थांबवण्याचा निर्णय पंपाजवळच व्हायला हवा. होम असिस्टंटने फक्त 'सुरू हो' म्हणावं. टास्मोटात तीन आज्ञा पुरतात. 'पॉवरऑनस्टेट ०' दिली की वीज आल्यावर पंप बंदच राहतो. 'पल्सटाइम १३००' दिली की पंप सुरू झाल्यापासून २० मिनिटांनी रिले स्वतःहून बंद होतो. (या आज्ञेत ११२ पासून पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की उरतात ते सेकंद, म्हणून १३०० म्हणजे १२०० सेकंद.) होम असिस्टंट मेलं, राउटर जळलं, तरी पंप २० मिनिटांत थांबणारच.

तिसरी आज्ञा 'सेटऑप्शन६५ १', आणि ती आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. वाय-फायचा पासवर्ड चुकला तर सुटका व्हावी म्हणून टास्मोटात एक सोय आहे. दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने उपकरणाची वीज सलग सात वेळा दिली, तर ते मूळ स्थितीत जातं आणि आपलं नाव, वाय-फाय, ब्रोकर सगळं विसरतं. सोय उत्तमच आहे, फक्त वादळात झाडाची फांदी तारेला घासत असली की लाइट नेमकी अशीच लपलपते. आमचा अंगणातला दिवा दोनदा असा कोरा झाला. उपकरण जिवंत आहे, पण घरच्या नेटवर्कवर कुठेच दिसत नाही आणि मोबाइलवर मात्र टास्मोटाच्या नावाचं नवं वाय-फाय दिसतंय, तर हेच झालंय असं समजा. ही आज्ञा दिली की ती सोय बंद होते. मग कधी खरंच पुसायची वेळ आली तर उपकरणाचं बटण ४० सेकंद दाबून धरावं लागतं, तेव्हा बटणापर्यंत हात पोचेल अशीच पेटी बसवा.

आणखी एक, सॉफ्टवेअरच्या बाहेरचं. पंपाची मोटर स्मार्ट प्लगवर किंवा छोट्या रिलेवर थेट चालवू नका. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे चालतानाचं झालं. सुरू होताना मोटर त्याच्या कित्येक पट करंट ओढते. रिलेचे पॉइंट चिकटतात, ॲपमध्ये 'बंद' दिसतं आणि पंप चालूच राहतो. ॲप आणि पंप यांचं म्हणणं जुळत नसेल तर तासभर लॉग चाळण्याआधी पंपाजवळ जाऊन कान द्या. रिलेने कॉन्टॅक्टरची (जास्त करंट झेपणारा मोठा खटका) कॉइल चालवावी आणि कॉन्टॅक्टरने मोटर. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, तेही मेन पाडून.

दर पंधरा मिनिटांनी

पुढच्या पावसात वेगळंच लक्षण दिसलं. होम असिस्टंटचं मेमरी कार्ड खराब झालं, पाय उठेना. त्या रात्री आईचा फोन आला, "अरे, पडवीतला दिवा मधेच विझतो आणि परत लागतो. वायरिंगमध्ये काही झालंय का?" मी म्हटलं, "किती वेळाने होतं ते बघ." तिने घड्याळ बघून सांगितलं: नऊ वाजून पाच, नऊ वीस, नऊ पस्तीस.

वायरिंगचा दोष घड्याळ बघून येत नाही. पडवीतल्या दिव्याचा रिले ईएसपीहोमवर आहे, तेही टास्मोटासारखंच चिपवर घालायचं सॉफ्टवेअर. ईएसपीहोमच्या 'एपीआय' (होम असिस्टंटशी बोलण्याच्या) भागात 'रीबूट टाइमआउट' म्हणून एक किंमत असते, मूळची १५ मिनिटं. तेवढ्या वेळात होम असिस्टंट जोडलं गेलं नाही, तर आपल्यातच काही अडकलंय असं धरून उपकरण स्वतःला रीस्टार्ट करतं. 'वाय-फाय' भागातही तशीच १५ मिनिटांची किंमत असते. एखादं उपकरण खरोखर अडकलं असेल तर यानेच ते सुटतं, म्हणून ही सोय सरसकट काढू नका. पण जिथे दिवा किंवा पंप होम असिस्टंटशिवाय चालायला हवा, तिथे 'एपीआय'ची किंमत शून्य सेकंद करा, म्हणजे हा रीस्टार्ट थांबतो. वाय-फायची आम्ही एक तास केली.

ईएसपीहोमच्या त्याच सेटिंगच्या फाइलमध्ये स्विचखाली 'रीस्टोअर मोड' बघा. पंपाला 'ऑलवेज ऑफ'. दिव्याला 'रीस्टोअर डिफॉल्ट ऑफ', म्हणजे आठवत असेल तर जुनी स्थिती, नाहीतर बंद. ईएसपी८२६६ ची चिप असेल तर इथे एक खाच आहे. ती आपली स्थिती ज्या मेमरीत ठेवते ती वीज गेली की पुसली जाते. खरंच लक्षात राहायला हवं असेल तर 'रीस्टोअर फ्रॉम फ्लॅश' चालू करावं लागतं. दिवा कधी जुन्या स्थितीत येतो, कधी येत नाही, असं कोडं पडलं असेल तर उत्तर बहुधा इथे आहे. साधा रीस्टार्ट झाला तर स्थिती टिकते, वीज गेली तर जाते.

या सगळ्या किंमती मला प्रकल्पांच्या उघड्या कागदपत्रांत आणि कोडमध्ये सापडल्या. पॉलस शूटसेन यांनी २०१३ मध्ये पायथनमध्ये सुरू केलेलं होम असिस्टंट असो की ईएसपीहोम किंवा टास्मोटा, 'हे असं का वागतंय' याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं आणि ते कुणालाही वाचता येतं. पुण्यात बसून गावचं घर सांभाळणाऱ्या माणसाला याचं मोल फार आहे.

पत्ते

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण टाळू नका. लाइट आल्यावर राउटर प्रत्येकाला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. टास्मोटात ब्रोकरचा पत्ता आकड्यांत लिहिलेला असेल आणि पायचा पत्ता बदलला, तर सगळी टास्मोटाची उपकरणं एकदम जातात. राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये) पायचा पत्ता राखून ठेवा. कॅमेरे आणि वाय-फाय प्लग यांचेही ठेवा. राउटर बदलला तर हे पुन्हा करावं लागतं, तेव्हा यादी वहीत लिहून ठेवा.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की निम्मा क्रमच बदलतो, कारण वाय-फाय जातच नाही. मला एकच खर्च करायला सांगितलात तर मी हाच करेन. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' असं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल होताना जो क्षण जातो, त्यात पाय रीस्टार्ट होतो. लाइट 'गेलीच नाही' असं घरच्यांना वाटतं आणि होम असिस्टंट मात्र दिवसातून चारदा उठलेलं असतं. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा ॲडॉप्टरच द्या. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर तो चालतो खरा, पण व्होल्टेज कमी पडल्याच्या सूचना येऊ लागतात, आणि त्या आल्या की बाकी काहीही शोधण्याआधी ॲडॉप्टर बदला.

रात्री दोनचे निरोप

गोठ्याचं दार कुणी उघडलेलं नव्हतं. माझ्या ऑटोमेशनमध्ये ट्रिगर (ऑटोमेशन सुरू करणारी घटना) असा होता: दाराचा सेन्सर 'उघडं' झाला की निरोप पाठव. 'कशातून' उघडं झाला, ते मी लिहिलंच नव्हतं. पावसाळ्यात हवा खेळावी म्हणून बाबा ते दार रात्री थोडं उघडंच ठेवतात. लाइट येते, होम असिस्टंट उठतं, सेन्सर आधी 'अनअव्हेलेबल' असतो आणि मग 'उघडं' होतो. होम असिस्टंटच्या दृष्टीने हाही बदलच, म्हणून ते इमानाने निरोप पाठवतं.

उपाय एका ओळीचा आहे. ट्रिगरमध्ये 'फ्रॉम'च्या जागी 'बंद' लिहा, म्हणजे बंदवरून उघडं झालं तरच निरोप जाईल. तापमान किंवा इतर स्थितींसाठी 'नॉट फ्रॉम'मध्ये 'अनअव्हेलेबल' आणि 'अननोन' लिहिता येतं. मी एका संध्याकाळी बसून सगळी ऑटोमेशन्स याच नजरेने वाचली. एकोणीसपैकी अकरांमध्ये हीच चूक होती. तुमच्याकडे लाइट आल्यावर दिवे आपोआप लागत असतील, पंखे फिरत असतील, तर भुताटकी शोधू नका, ट्रिगर शोधा.

जिथे थोडा वेळ मोजायचा असतो तिथे 'थांब'ऐवजी टायमर हेल्पर वापरा आणि त्यातलं 'रीस्टोअर' चालू करा. तो रीस्टार्टमध्ये आपला उरलेला वेळ विसरत नाही.

लाइट आल्याबरोबर पंप सुरू करायचाच नाही, असंही आम्ही ठरवलं. त्या वेळी आळीतले सगळे पंप एकदम चालू होतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं. होम असिस्टंट सुरू झाल्यावर दहा मिनिटं पंपाची सगळी ऑटोमेशन्स थांबलेली असतात. त्यानंतरही व्होल्टेज २०० च्या वर असेल तरच पंप लागतो. मोजायला पीझेम-००४टी हे छोटं मीटर बसवलं आहे.

घड्याळाचंही इथेच सांगतो. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. उठल्यावर तो इंटरनेटवरून वेळ विचारतो. एकदा वीज पाच तासांनी आली, पण फायबर तुटलेलं होतं, तेव्हा पायची वेळ मागेच राहिली आणि पहाटेचं ऑटोमेशन भर दुपारी चाललं. घड्याळाचा डीएस३२३१ हा छोटा मॉड्यूल लावून ते मिटलं. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, त्याला फक्त बॅटरी जोडावी लागते.

झिगबी

झिगबीत विजेवर चालणारे प्लग आणि बल्ब इतरांचे निरोप पुढे पोचवतात. सेलवरचे सेन्सर त्यांच्या आधाराने असतात. लाइट गेली की आधार जातो, आली की जाळं पुन्हा विणलं जातं, आणि काही सेन्सर त्यात मागे राहतात. तासभर तरी द्या. जोडणी काढून नव्याने करण्याची घाई नको.

झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबीचे निरोप ब्रोकरपर्यंत नेणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. विजेवरचं उपकरण दहा मिनिटं गप्प राहिलं तर ते 'गेलं' असं दाखवतं, पण सेलवरच्या सेन्सरसाठी ही मुदत १५०० मिनिटं, म्हणजे २५ तास असते. गोठ्याचा सेन्सर पडद्यावर व्यवस्थित दिसत असतानाही हरवलेला असू शकतो. 'लास्ट सीन'ची वेळ दाखवायला सांगा आणि तिच्यावरच विश्वास ठेवा.

उठल्यावर डोंगलच सापडत नसेल तर बहुतेक वेळा त्याचं नाव बदललेलं असतं. यूएसबीला दोन सीरियल उपकरणं असली की आधी कोण उठलं त्यावर शून्य आणि एक हे क्रमांक पडतात. सेटिंगमध्ये 'बाय-आयडी'चा लांबलचक मार्ग लिहा, तो बदलत नाही. डोंगल यूएसबीच्या एक मीटरच्या वायरवर लावून पायपासून दूर ठेवा, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच येतो. आणि राउटर उठताना वाय-फायचा चॅनेल आपोआप निवडत असेल तर ते बंद करा. आम्ही वाय-फाय १ वर बांधलं आणि झिगबी २५ वर. झिगबीचा चॅनेल बदलायचा तर तो सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदलला की काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात.

कार्ड

लिहिणं चालू असताना वीज जाणं, हा मेमरी कार्डाचा मृत्यू आहे. होम असिस्टंट इतिहासाच्या डेटाबेसमध्ये सतत लिहीत असतं आणि मुळात दहा दिवसांचा इतिहास ठेवतं. एक दिवस आलेख अचानक आजपासूनच सुरू झालेले दिसले, तर डेटाबेस खराब झाल्याचं ओळखून त्याने जुनी फाइल बाजूला ठेवली आणि नवी उघडली, असा अर्थ. ती सूचना समजा. कार्डाऐवजी यूएसबीवर एसएसडी लावा आणि नको त्या सेन्सरची नोंद 'रेकॉर्डर'मधून वगळा.

बॅकअप आपोआप रोज होऊ द्या, पण त्याच कार्डावर नको. त्याची कूटकिल्ली, जिच्याशिवाय तो उघडत नाही, वेगळी उतरवून ठेवा. माझ्याकडे बॅकअप होता, पण किल्ली त्या मेलेल्या कार्डावरच होती. सगळं घर पुन्हा उभं करायला गणपतीच्या सुट्टीतले दोन दिवस गेले.

मागच्या पावसाळ्यात पंप एकदाही चुकीच्या वेळी लागला नाही. गोठ्याचा सेन्सर अजून अधूनमधून हरवतो. मांगरापाशी विजेवरचा एक प्लग लावून मध्ये आधार द्यायचा विचार आहे. पंपाच्या पेटीजवळ कॉन्टॅक्टरला समांतर हाताने चालवायचा स्विच बसवून घेतला आहे आणि शेजारी आईच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय: 'लाइट आल्यावर दहा मिनिटं थांबणे. पंप न लागल्यास खटका हाताकडे करणे. टाकी भरली की बंद करणे. मग फोन करणे.' हाताच्या खटक्यावर २० मिनिटांची मर्यादा लागू होत नाही, म्हणून तिसरं वाक्य तिने लाल शाईने लिहिलं आहे.